एकच चित्र दोनशे वेळा कशाला पाठवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : महाविद्यालये व सभागृहांच्या वाय-फाय निविदांत मल्टिकास्टच्या अटी हव्यात

फोनवर इंटरनेटविना टीव्ही दाखवणाऱ्या ‘डायरेक्ट टू मोबाईल’ तंत्राच्या बातम्या गेली काही वर्षे येत आहेत. आयआयटी कानपूर, सांख्य लॅब्ज आणि प्रसार भारती यांनी त्याच्या चाचण्याही घेतल्या. जे हजारोंना एकाच क्षणी हवे आहे ते हवेत एकदाच सोडावे, हा त्यामागचा विचार पक्का आहे. मात्र त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते आणि वेगळी वारंवारताही लागते. तोच विचार आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आणि कॉलेजच्या प्रत्येक बऱ्या स्विचमध्ये (जाळ्याच्या तारा जोडणाऱ्या यंत्रात) पडून आहे. त्याचे नाव मल्टिकास्ट. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये आरएफसी १११२ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात तो मांडला. तरीही ‘वाय-फायवर मल्टिकास्ट चालत नाही’ असे म्हणून बहुतेक ठिकाणी ते बंद करून ठेवतात. नुसते सुरू केले तर ते चालत नाही, हे खरे आहे. पण का चालत नाही याची कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकावर उपाय ठाऊक आहे. तो निविदेत लिहिला जात नाही, ही आमची तक्रार आहे. त्यासाठीच हे पत्र.

आपल्या दैनिकाचा गठ्ठा पहाटे एसटीने तालुक्याला जातो, तिथे फुटतो आणि मग गल्लोगल्लीच्या विक्रेत्यांकडे त्याचे वाटे होतात. छापखान्यातून प्रत्येक वाचकाच्या दारी स्वतंत्र माणूस कुणी धाडत नाही. मल्टिकास्ट असेच चालते. पाठवणारा एकच प्रत एका गट-पत्त्यावर सोडतो. हे पत्ते २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होतात. ज्या फोनला ते हवे तो ‘मला या गटात घ्या’ अशी चिठ्ठी राउटरकडे पाठवतो (तिला आयजीएमपी म्हणतात), आणि वाटेतले राउटर जिथे फाटा फुटतो तिथेच प्रत वाढवतात. याउलट आज फोनवरचे जवळजवळ सगळे थेट प्रक्षेपण युनिकास्ट असते, म्हणजे दर प्रेक्षकामागे वेगळी प्रत. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकी दीड मेगाबिट धरले तरी हा प्रवाह सेकंदाला ८८ टेराबिटच्या घरात जातो. शहरोशहरी ठेवलेल्या सर्व्हरमुळे मुख्य तारांवरचा भार हलका होतो. पण टॉवर ते फोन, किंवा अॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा डबा) ते फोन, ही शेवटची उडी तशीच राहते. तिथे एका आवाक्यातल्या शंभर जणांना तेच चित्र शंभर वेळा द्यावे लागते, आणि हवेतली जागा काही वाढत नाही.

तारेवर हे तंत्र केव्हाच रुळले आहे. ब्रॉडबँड कंपन्यांची आयपीटीव्ही त्यावरच चालते. घोडे अडते ते रेडिओवर, आणि फोन हातात घेऊन माणूस चालू लागला की आणखी अडते.

एक सभागृह डोळ्यांसमोर आणा. दोनशे आसने आहेत, व्यासपीठावर प्रात्यक्षिक चालू आहे आणि त्याचा दोन मेगाबिटचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर द्यायचा आहे. वेगवेगळ्या प्रती द्यायच्या तर सेकंदाला ४०० मेगाबिट हवेत. ४० मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलवर, एवढ्या गर्दीत, त्याच्या निम्मे हाती लागले तरी पुष्कळ. आता मल्टिकास्टचा हिशेब पाहा. व्हिडिओची पॅकेटे (डेटाची पुडकी) साधारणपणे १३१६ बाइटची असतात, म्हणजे १८८ बाइटचे सात तुकडे एकत्र बांधलेले. दोन मेगाबिटला अशी सेकंदाला १९० पॅकेटे होतात. अॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट पॅकेट पाठवताना सगळ्यांना ऐकू जावे म्हणून सहसा अगदी सावकाश वेग धरतो. ५ गिगाहर्ट्झवर तो ६ मेगाबिट असतो. या वेगाने एक पॅकेट, मधल्या थांब्यांसकट, सुमारे २ मिलिसेकंद खाते आणि १९० पॅकेटे मिळून हवेतला ३८ टक्के वेळ. म्हणजे दोन मेगाबिटसाठी चॅनेलचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला. २.४ गिगाहर्ट्झवर तर सर्वांत खालचा वेग १ मेगाबिट असतो. तिथे एका सेकंदाच्या व्हिडिओला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे तो मावतच नाही. ‘मल्टिकास्टने वाय-फाय बसले’ अशी ओरड होते तिच्या मुळाशी हेच गणित असते.

उपाय असा की सभागृहात २.४ गिगाहर्ट्झ या कामाला वापरू नये, आणि ५ गिगाहर्ट्झवर सक्तीचा वेग (जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला जो यावाच लागतो) २४ मेगाबिट ठेवून त्याखालचे ६, ९, १२ व १८ बंद करावेत. सक्तीचा वेग एकच ठेवण्याला कारण आहे. काही कंपन्यांची उपकरणे मल्टिकास्ट सर्वांत खालच्या सक्तीच्या वेगाने पाठवतात, तर काही सर्वांत वरच्या. एकच ठेवला की गोंधळ राहत नाही. २४ वर तेच १९० पॅकेटांचे काम ११ टक्के वेळात आटपते. याची किंमत मात्र मोजावी लागते. मानकाप्रमाणे ६ मेगाबिट ऐकायला उणे ८२ डीबीएम सिग्नल पुरतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण), २४ मेगाबिटला उणे ७४ लागतो. म्हणजे लांबच्या खुर्चीवरचा फोन, जो आधी कसाबसा जोडलेला राहत होता, तो आता जोडलाच जाणार नाही. म्हणून प्रत्येक खुर्चीवर उणे ६७ डीबीएम मिळेल अशी अॅक्सेस पॉइंटची मांडणी आधी करावी, वेग मागाहून चढवावा. हे मोजमाप भरल्या सभागृहात करावे. माणसांची शरीरे सिग्नल शोषतात, आणि रिकाम्या हॉलमध्ये घेतलेले आकडे कार्यक्रमाच्या दिवशी दगा देतात.

आणखी एक सोय बहुतेक नियंत्रकांत (अनेक अॅक्सेस पॉइंट एकत्र चालवणाऱ्या यंत्रांत) असते : अॅक्सेस पॉइंटपर्यंत मल्टिकास्ट आणायचे आणि तिथून पुढे प्रत्येक फोनला युनिकास्ट करून द्यायचे. युनिकास्टला पोच मिळते, वेगही फोनच्या ताकदीप्रमाणे मिळतो, म्हणून चित्र स्वच्छ येते. पण विक्रेते ही सोय सरसकट लावून देतात, ते चूक आहे. चांगल्या सिग्नलच्या फोनला दोन मेगाबिटची एक प्रत हवेतला दोन-तीन टक्के वेळ घेते असे धरा. मल्टिकास्ट ६ मेगाबिटवर असेल तर बारा-पंधरा फोनांपर्यंत हे रूपांतर परवडते, २४ वर असेल तर चार-पाच फोनांपर्यंतच. त्यापुढे रूपांतर बंद होऊन खरे मल्टिकास्ट सुरू झाले पाहिजे. हा आकडा ठरवण्याची जागा उपकरणात आहे की नाही हे खरेदीपूर्वी विचारावे. नसेल तर दहा जणांच्या बैठकीत उत्तम चालणारे जाळे दोनशेंच्या सभेत कोसळेल.

दुसरी अडचण पोच नसण्याची. युनिकास्ट पॅकेट पोचले की फोन लगेच ‘मिळाले’ असे कळवतो, न कळवल्यास अॅक्सेस पॉइंट ते पुन्हा पाठवतो. मल्टिकास्टला अशी पोचच नाही. एकदा सोडले, ज्याला मिळाले त्याला मिळाले. मग सगळ्यांकडून पोच मागावी, असे कुणालाही वाटेल. दोनशे फोन आहेत आणि प्रत्येकाकडून शंभरात एक पॅकेट हुकते असे समजा. एखादे पॅकेट दोनशेही जणांना मिळण्याची शक्यता ०.९९ चा २००वा घात, म्हणजे अवघी १३ टक्के. शंभरातली ८७ पॅकेटे कुणा ना कुणासाठी पुन्हा पाठवावी लागतील आणि दोनशे पोचांची गर्दी वेगळीच. वाय-फाय मानकाच्या २०१२ मधल्या ८०२.११एए या सुधारणेत गटासाठी पुनर्प्रेषणाची सोय केली आहे, पण फोनमध्ये ती क्वचितच आढळते. तिच्या भरवशावर राहू नये.

इथे खरा उपाय पाठवणाऱ्याच्या टोकाला आहे : दुरुस्तीची पॅकेटे आधीच जोडून देणे. याला फॉरवर्ड एरर करेक्शन म्हणतात. शंभर मूळ पॅकेटांवरून गणिताने वीस जादा पॅकेटे तयार करायची आणि १२० पाठवायची. रॅप्टरक्यू ही पद्धत (आरएफसी ६३३०, २०११) अशी बांधलेली आहे की १२० पैकी कोणतीही १०० हाती आली तर ९९ टक्के वेळा सगळे मूळ परत उभे राहते, आणि १०२ आली तर चुकण्याची शक्यता दहा लाखांत एक. यातली गोम अशी की, पहिल्या रांगेतल्या फोनचे सातवे पॅकेट हुकले आणि शेवटच्या रांगेतल्याचे नव्वदावे, तरी एकच दुरुस्तीचे पॅकेट दोघांच्या कामी येते. कोणाचे काय हरवले हे विचारण्याची गरज उरत नाही. २० टक्के जादा धरून सेकंदाला २२८ पॅकेटे झाली, आणि २४ मेगाबिटवर त्यांना १३ टक्के वेळ लागतो. दुरुस्ती न जोडता ६ मेगाबिटवर ३८ टक्के लागत होता, तो आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा.

पण या पॅकेटांचा गठ्ठा केवढा बांधायचा, यात बरेच जण चुकतात. रेडिओवरची गळती सुटी-सुटी होत नाही, ती एकगठ्ठा होते. कुणी अॅक्सेस पॉइंटसमोर उभे राहिले, फोन एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर गेला, की तीस-चाळीस पॅकेटे सलग जातात. शंभराचा गठ्ठा म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. वीस जादा पॅकेटे असताना चाळीस गेली तर दुरुस्तीचा काहीच उपयोग नाही. तेवढीच २० टक्के भर ठेवून गठ्ठा दोन सेकंदांचा केला, म्हणजे ३८० मूळ आणि ७६ जादा, तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतचा खंड भरून निघतो. त्याबदल्यात चित्र दोन सेकंद मागून येते. व्याख्यानाला ते चालेल. व्यासपीठावरच्या वक्त्याचा आवाज त्याच सभागृहात फोनवरून ऐकवायचा असेल, उदाहरणार्थ श्रवणदोष असलेल्या श्रोत्यांसाठी, तर अजिबात चालणार नाही. तिथे गठ्ठा लहान आणि भर मोठी, ३० ते ५० टक्के, अशी उलटी निवड करावी. ध्वनीचा प्रवाह मुळात बारीक असतो, त्यामुळे ही भर सहज परवडते.

तिसरी अडचण झोपेची. बॅटरी वाचवण्यासाठी फोनचा रेडिओ सतत डुलक्या घेतो. एकही जोडलेला फोन झोपलेला असेल तर अॅक्सेस पॉइंट सगळ्यांचे मल्टिकास्ट अडवून ठेवतो आणि ठरावीक बीकननंतर (बीकन म्हणजे ‘मी इथे आहे’ असा त्याचा नियमित इशारा) एकदम सोडतो. बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. किती बीकनांनंतर सोडायचे हा आकडा डीटीआयएम या नावाने सेटिंगमध्ये सापडतो. तो ३ असेल तर ३०७ मिलिसेकंदांची ५८ पॅकेटे एका दमात बाहेर पडतात. काही अॅक्सेस पॉइंटांची रांग एवढी लांब नसते, शेपटाची पॅकेटे तिथेच गळतात आणि दर तिसऱ्या बीकनला चित्र अडखळते. सभागृहासाठी डीटीआयएम १ ठेवावा. फोनची बॅटरी थोडी जास्त जाईल, पण तास-दोन तासांच्या कार्यक्रमाला ते सोसते. वसतिगृहात दिवसरात्र तोच ठेवू नये.

याच्याच जोडीला अॅप बनवणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण पुष्कळदा दोष जाळ्यात नसून अॅपमध्ये असतो. अँड्रॉइड फोन बॅटरीपायी मल्टिकास्ट पॅकेटे मुळातच गाळून टाकू शकतो. अॅपने ‘मल्टिकास्ट लॉक’ घेतला तरच ती आत येतात, आणि तो घेण्यासाठी मॅनिफेस्टमध्ये वाय-फाय मल्टिकास्ट स्थिती बदलण्याची परवानगी लिहावी लागते. काम संपल्यावर लॉक सोडावाही लागतो, नाहीतर बॅटरी उतरत राहते. आयफोनवर आयओएस १४ पासून मल्टिकास्टसाठी अॅपलकडून वेगळी मंजुरी मिळवावी लागते. लॅपटॉपवर चित्र येते आणि त्याच खोलीत फोनवर येत नाही, असे दिसले तर आधी हे तपासावे.

आता स्विचकडे वळू. ‘पहिली चार मिनिटे सगळे छान चालले आणि मग अचानक सगळ्यांचे चित्र थांबले’ ही तक्रार इतकी ठरीव आहे की तिचे कारण फोनवरच सांगता येते. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू आहे, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोण गटात आहे याची तो नोंद ठेवतो, पण ‘अजून कोण कोण गटात आहे?’ असे विचारणारा क्वेरियर त्या व्हीलॅनमध्ये (जाळ्याच्या वेगळ्या पाडलेल्या भागात) कुणीच नाही. विचारणाच नाही म्हणून फोन उत्तर देत नाहीत, आणि नेहमीच्या सेटिंगप्रमाणे २६० सेकंदांनी स्विच सगळ्या नोंदी पुसून टाकतो. एका स्विचवर क्वेरियर सुरू केला की हे संपते. चाचणी दोन मिनिटांत आटपणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पाठवणाऱ्या संगणकाचा टीटीएल, म्हणजे पॅकेटाने किती राउटरांपर्यंत जावे याची मर्यादा. मल्टिकास्टला तो मुळात १ असतो, म्हणजे पॅकेट पहिल्याच राउटरवर मरते. कॅमेरा एका व्हीलॅनमध्ये आणि प्रेक्षक दुसऱ्यात असतील तर तो वाढवावा, १६ पुरे. गटाचा पत्ता २३९ च्या मालिकेतून निवडावा, पण २३९.०.०.क्ष आणि २३९.१२८.०.क्ष हे टाळावेत. इथरनेटच्या पत्त्यात गट-पत्त्याचे शेवटचे २३ बिटच उतरतात. त्यामुळे हे पत्ते जाळ्याच्या अंतर्गत कामाच्या २२४.०.०.क्ष पत्त्यांसारखेच दिसतात आणि बरेच स्विच ते सगळ्या पोर्टांवर ओततात.

मल्टिकास्ट बंद ठेवणाऱ्या व्यवस्थापकांचीही एक बाजू आहे, ती मांडायला हवी. हजारभर फोन आणि लॅपटॉप एकमेकांना आणि प्रिंटरना शोधण्यासाठी जी सतत हाकाटी करतात तीही मल्टिकास्टच असते, आणि सावकाश वेगाने जात असल्याने हवा भरून टाकते. ती अडवणे योग्यच आहे. पण त्यासाठी सगळ्याच मल्टिकास्टचे दार लावायची गरज नाही. फोनकडून येणारे मल्टिकास्ट, आयजीएमपीची चिठ्ठी वगळता, अडवावे. तारेकडून येणाऱ्यांपैकी ठरलेल्या सर्व्हरचे ठरलेले गटच आत घ्यावेत. २३२ च्या मालिकेतले पत्ते आणि आयजीएमपीची तिसरी आवृत्ती वापरली तर फोन ‘अमुक सर्व्हरकडून येणारा अमुक गट’ असेच मागतो, म्हणजे दुसऱ्या कुणी त्या गटात भलतेच काही घुसवले तरी जाळे ते पुढे नेत नाही.

यानंतर चालत्या फोनचा प्रश्न. वाचकाने घर बदलले आणि नव्या गल्लीतल्या पेपरवाल्याला पत्ताच नाही, तसे इथे होते. फोन नव्या अॅक्सेस पॉइंटवर गेला तरी त्याच्या दृष्टीने तो गटातच असतो, म्हणून आपण होऊन नवी चिठ्ठी पाठवेलच असे नाही. नव्या अॅक्सेस पॉइंटवर आधीपासून त्या गटाचे कुणी नसेल तर तिथे प्रवाह येतच नाही. पुढची विचारणा होईपर्यंत थांबावे लागते. विचारणा नेहमीच्या सेटिंगप्रमाणे १२५ सेकंदांनी होते आणि उत्तराला १० सेकंदांपर्यंत मुभा असते. म्हणजे वाईटात वाईट धरले तर सव्वादोन मिनिटे पडदा कोरा. इकडे जुना अॅक्सेस पॉइंट मात्र कुणी नसताना २६० सेकंदांपर्यंत हवा खर्च करत राहतो. विचारणा दर २० सेकंदांनी करणे हा सोपा उपाय, पण त्याने प्रत्येक फोन सारखा जागा होतो. त्याहून चांगला मार्ग असा की, फोन नव्याने जोडला गेला की फक्त त्याच्यासाठी लगेच विचारणा करावी, किंवा नियंत्रकाने जुन्या अॅक्सेस पॉइंटवरची गट-नोंद फोनबरोबरच नव्याकडे न्यावी. एका नियंत्रकाखालचे अॅक्सेस पॉइंट हे करू शकतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र लावले तर सहसा होत नाही. निविदेत स्वस्त पडतात म्हणून दोन बनावटींची सरमिसळ करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय ८०२.११आर ही अॅक्सेस पॉइंट झटपट बदलण्याची सोय चालू असल्यास पासवर्डची पुन्हा पडताळणी थोडक्यात उरकते आणि खंड वर सांगितलेल्या दुरुस्तीच्या आवाक्यात राहतो.

फोन एका जाळ्यातून अगदी परक्या जाळ्यात जातो तेव्हा मोबाईल आयपी या व्यवस्थेत दोन वाटा असतात. एक, मूळ जाळ्यातल्या प्रतिनिधीने गटाची वर्गणी चालू ठेवून प्रत बोगद्यातून (दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून) पुढे पाठवत राहणे. जुन्या गावी येणारा पेपर कुणीतरी रोज टपालाने पुढे धाडावा तसे. हे निर्धोक आहे, पण दहा वेगळ्या जाळ्यांतले दहा फोन एका खोलीत आले तर दहा बोगद्यांतून त्याच चित्राच्या दहा प्रती त्याच खोलीत येतात आणि मल्टिकास्टचा हेतूच संपतो. दुसरी वाट म्हणजे नव्या जागी नवी वर्गणी लावणे. प्रत एकच येते, पण वाटपाच्या झाडाची नवी फांदी फुटेपर्यंत खंड पडतो. आमच्या मते सभागृह, रेल्वे स्थानक, रुग्णालय अशा ठिकाणी दुसरीच वाट धरावी आणि खंड भरायचे काम दुरुस्तीच्या पॅकेटांवर व फोनमधल्या बफरवर सोपवावे. पाठवणाराच फिरता असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. पॅकेट अपेक्षित दिशेनेच आले ना, हे प्रत्येक राउटर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून तपासतो. पत्ता बदलला की तो पॅकेटे टाकून देतो. फिरत्या कॅमेऱ्याचा प्रवाह म्हणून आधी युनिकास्टने एका स्थिर सर्व्हरकडे आणावा आणि मल्टिकास्ट तिथून सुरू करावे.

मोबाईल कंपन्यांच्या टॉवरबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली आणि लाखो फोन एकदम वाजले, ते सेल ब्रॉडकास्ट होते : टॉवरने एकदाच सोडलेला मजकूर, आवाक्यातल्या सर्वांसाठी. चित्रासाठी ४जी मध्ये ईएमबीएमएस ही सोय होती. तिच्यात दर दहातल्या सहापर्यंत सबफ्रेम (वेळेचे तुकडे) प्रक्षेपणासाठी राखून ठेवता येत, पण राखलेला वेळ प्रेक्षक असोत नसोत तसाच अडकून पडे, आणि फोनमध्ये त्यासाठीचे सॉफ्टवेअरही क्वचित असे. ५जी च्या रिलीज १७ मध्ये (२०२२) हे सुधारले आहे. आता टॉवर क्षणाक्षणाला ठरवतो की या सेलमध्ये दोनच प्रेक्षक आहेत, त्यांना वेगळे द्यावे. की चाळीस आहेत, त्यांना एकदाच द्यावे. ज्यांचे पॅकेट हुकले तेवढेच फोन ‘नाही मिळाले’ असे कळवतात. शेजारच्या टॉवरांवर पॅकेटांचे क्रमांक जुळते ठेवले की फोन इकडून तिकडे जाताना कुठून पुढे घ्यायचे हे त्याला कळते. आषाढीला पंढरपुरात किंवा सामन्याच्या दिवशी वानखेडेवर हजारो फोन एकाच चित्रासाठी झगडतात, तिथे या सोयीचा उपयोग आहे. परवानेधारकांनी ती निदान अशा जागी सुरू करावी, असे नियामकाने त्यांना सांगायला हवे.

टॉवर आपल्या हातात नाहीत, निविदा आहेत. महाविद्यालये, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका वाय-फाय खरेदी करतात तेव्हा अटींत ‘मल्टिकास्ट सपोर्टेड’ एवढेच लिहिलेले असते आणि सगळे विक्रेते त्यापुढे ‘होय’ लिहितात. त्याऐवजी लिहावे : सक्तीचा वेग ५ गिगाहर्ट्झवर २४ मेगाबिट करता यावा, युनिकास्ट रूपांतराची फोनसंख्या ठरवता यावी, डीटीआयएम प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा ठेवता यावा, आयजीएमपीची तिसरी आवृत्ती आणि क्वेरियर असावा, फोन जोडला जाताच विचारणा किंवा गट-नोंदीचे स्थलांतर व्हावे, गटनिहाय गाळणी असावी.

बिल मंजूर करण्यापूर्वी चाचणी घ्यावी. आयपर्फ या मोफत साधनाची दुसरी आवृत्ती घ्या, तिसऱ्या आवृत्तीत मल्टिकास्ट नाही. दोन मेगाबिटचा प्रवाह १३१६ बाइटच्या पॅकेटांनी एका गटावर सोडा आणि तो दहा मिनिटे चालू ठेवा, म्हणजे २६० सेकंदांचा दोष लपणार नाही. सभागृहात निदान पन्नास फोन जोडा, त्यांतले निम्मे पडदा बंद करून ठेवा आणि उरलेल्यांवर नेहमीचे व्हिडिओ चालू द्या. सर्वांत मागच्या खुर्चीवर, कोपऱ्यात आणि सज्जाखाली लॅपटॉप ठेवून गळती मोजा. दुरुस्ती न जोडता ती ५ टक्क्यांच्या आत असावी. मग लॅपटॉप हातात घेऊन एका अॅक्सेस पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत पाच फेऱ्या मारा आणि दर वेळचा खंड लिहून ठेवा. तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा आला तर दुरुस्तीचा गठ्ठा वाढवून भागवू नये, विक्रेत्याला परत बोलवावे आणि आकड्यांचा तो कागद बिलाला जोडावा.

आपले विश्वासू,
संगणक जाळ्यांचे काम करणारे काही अभियंते व अध्यापक
पुणे